शिवम्माक्का आणि अमेरिकेच्या रेघा

सोलापुरात सात रस्ता चौकातून आत वळलं की दुसऱ्या बोळात शिवम्माक्काचा छापखाना होता. दारावर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं उन्हानं खाल्लेली. पाटी रंगवून घे म्हटलं की अक्का म्हणायची, "ज्याला काम हाय त्यो हुडकत येतोय की. पाटी कशाला?" छापखानेवालीच पाटीबद्दल असं बोलायला लागल्यावर आपण गप्प बसायचं.

मी तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कारकून होतो. मालाची लेबलं छापून आणणं माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा सायकल हाणत अक्काकडे जायचं, लेबलांचा गठ्ठा कॅरियरला बांधायचा, चहा प्यायचा आणि चार शिव्या खाऊन परत यायचं. पहिल्या वर्षी मी तिला अदबीनं 'तुम्ही' म्हणायचो. दुसऱ्या वर्षी तिनं झापलं, "महिपती, अक्का म्हंतोस आन् वर तुमी काय? मी काय मामलेदारीण हाय?" तेव्हापासून ती 'तू' झाली आणि शिव्या वाढल्या.

अक्का पन्नाशीची, उंच, काटक. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर भस्म, आणि पदर कमरेला असा करकचून खोचलेला की कुणाशी भांडायला निघाली आहे असं वाटावं. निघालेलीही असायचीच. तिचा नवरा पंचाक्षरी जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं ते पायानं चालवायचं छपाईचं एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी पेट्या. खिळे अक्का जुळवायची आणि मशीनही तीच हाणायची. एक पाय पायट्यावर, उजव्या हातानं कागद आत, डाव्या हातानं बाहेर, आणि तोंडानं माझा उद्धार. तिन्ही कामं एका ठेक्यात.

तिचा दीर विरुपाक्ष अक्कलकोटला असायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तो यायचा, खुर्ची पुसून बसायचा आणि तेच ते सांगायचा. मशीन मोडीत घाला, ह्या जागेत भांड्यांचं दुकान टाकू, वैनी, तुम्ही आता घरी बसा. बाईमाणसानं पायानं मशीन हाणलेलं लोकांना बरं दिसत नाही. अक्का ऐकून घ्यायची. तिला ऐकून घेताना मी फक्त त्याच्यासमोरच पाहिलंय, कारण जागेच्या कागदावर त्याचंही नाव होतं. त्यानं एकच कबूल केलं होतं, काम आहे तोवर छापखाना चालू दे. लग्नसराई संपली की काम उरायचं ते आमच्या लेबलांचं. ते गेलं असतं तर दुसऱ्या महिन्यात तिथं पातेली टांगलेली दिसली असती.

आता अक्काच्या खोडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. नुसत्या काळ्या शाईत ती फक्त मयताची पत्रं छापायची. बाकी काहीही असो, पावती पुस्तक असो की शाळेची प्रश्नपत्रिका, वर कुंकवाच्या रंगाची एक ओळ तरी यायचीच. आमची लेबलं तर पूर्ण लाल. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "टॉवेल म्हंजे आहेराची वस्तू. मांडवात व्याह्याच्या खांद्यावर टाकत्यात. त्याच्यावर काळं मारू व्हय रे मुडद्या?" जुन्या छापखान्यांतून असला पायंडा असतो, त्यामुळे मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली आमचे मालक राजेशम यांना अमेरिकेची ऑर्डर मिळाली. स्वयंपाकघरात हात पुसायचे छोटे टॉवेल. मुंबईच्या दलालानं ऑर्डरीबरोबर एक पाकीट पाठवलं. त्यात फिल्मचा तुकडा होता, त्यावर उभ्या रेघा, काही जाड, काही बारीक, खाली आकडे. आणि इंग्रजीत टाइप केलेली चार पानं सूचना. आज पोरासोरांना बारकोड म्हटलं की कळतं. तेव्हा अख्ख्या सोलापुरात तो शब्द कुणी ऐकलेला नव्हता.

मालकांनी फिल्म उजेडात धरली. "हे प्रत्येक लेबलवर पाहिजे म्हणतात. तिकडं दुकानात एक यंत्र आहे, ते ह्या रेघा वाचतं आणि मालाचं नाव सांगतं. महिपती, तू इंग्रजी वाचून घे आणि काम करून टाक."

मी इंग्रजी वाचलं. म्हणजे पहिलं पान वाचलं. पुढची तीन वाचायचा मला कंटाळा आला, आणि हे मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

अक्कानं फिल्म नाकाजवळ नेली. "ह्यात काय लिवलंय?"

"आकडे आहेत."

"मग आकडेच छापा की सरळ."

"यंत्राला आकडे वाचता येत नाहीत. रेघा येतात."

"म्हंजे यंत्र अडाणी हाय," अक्का म्हणाली आणि विषय संपवला.

आमचं नेहमीचं लेबल आगपेटीएवढं. त्यावर कारखान्याचं नाव, मोराचं चित्र, धुलाईची सूचना. उरलेल्या जागेत रेघा बसव, असं मी सांगितलं. दोन बोळ पलीकडे रफीकचं दुकान होतं. तो फिल्मवरून जस्ताचे ठसे बनवायचा. त्यानं रेघा लहान करून अंगठ्याच्या नखाएवढा ठसा दिला. अक्कानं तो लावला, पण तिला ते उघडंबोडकं वाटलं, म्हणून तिनं रेघांना चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट घातली. शाई अर्थातच लाल. लेबल असं देखणं झालं की मालकांनी दोनचार जास्तीची घेऊन घरी दाखवायला नेली.

नमुना अमेरिकेला गेला आणि तीन आठवड्यांनी मुंबईहून ट्रंककॉल आला. मालक आधी हॅलो हॅलो ओरडले, मग नुसतं ऐकत राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. रेघा एकमेकींत घुसल्या आहेत, दोन्ही बाजूंची कोरी जागा गायब आहे, यंत्राला काहीही वाचता येत नाही. सूचना वाचल्या होत्यास का, असं मालकांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि दुपारी बाथरूमच्या मागं उभा राहून उरलेली तीन पानं घाम पुसत वाचली.

सगळं लिहिलेलं होतं. मूळ मापाच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा रेघा लहान करायच्या नाहीत. डावीउजवीकडे कोरा कागद सोडायचा, त्यात काही म्हणता काही छापायचं नाही, कारण रेघा कुठं सुरू झाल्या आणि कुठं संपल्या हे यंत्राला त्या कोऱ्या जागेवरून कळतं. शाई गडद हवी. चौथ्या पानावर त्या यंत्राबद्दल होतं, त्याचा उजेड कसला असतो वगैरे, ते मी वाचलं आणि सोडून दिलं.

अक्काला सांगितलं तर ती वेलबुट्टीवरून हटेना. "कोरी जागा सोडायची? कागद काय झाडाला लागतोय?" मी म्हटलं, अक्का, लग्नपत्रिकेला समास सोडतेस की नाही? ती म्हणाली, "मग तसं सांग की. समास म्हण." लेबल वाढवलं, मोर काढून टाकला, रफीककडून मोठा ठसा आणला, दोन्ही बाजूंना चांगला बोटभर पांढरा कागद सोडला. शाई गडद हवी म्हटल्यावर अक्कानं लालात अजून थोडा लाल ओतला. "ह्यापरीस गडद काय असतंय?" मला तरी त्यात काही खोट दिसेना. रेघा लांबून, रस्त्यावरूनसुद्धा दिसत होत्या.

ह्या वेळी ट्रंककॉल नाही, पत्र आलं. मालकांनी ते दोनदा वाचलं, माझ्यापुढं टाकलं. लिहिलं होतं की रेघांऐवजी आम्ही कोरं लेबल पाठवलं आहे. यंत्राला लेबलवर काहीच दिसत नाही. शिवाय भिंगातून पाहिलं तर रेघा जाड झाल्या आहेत, तेही सुधारा.

"कोरं?" मालकांनी टेबलाच्या खणातून आमच्याकडची प्रत काढली. लालभडक रेघा. "हे कोरं आहे? भिंगातून रेघा दिसतात आणि यंत्राला दिसत नाहीत? ते येडे आहेत का आपण येडे आहोत?" मग त्यांनी पत्राची नीट घडी घातली. "महिपती, शुक्रवारच्या पार्सलनं शेवटचा नमुना जाईल. हा नापास झाला तर लेबलं मुंबईला छापायची. आणि तिथला छापखानेवाला म्हणतो, घेईन तर तुमची सगळी लेबलं घेईन, नाहीतर एकही नाही."

सगळी लेबलं म्हणजे अक्काकडची सगळी. मी तसाच सायकलवर बसलो.

"काळं छाप, अक्का," मी आत शिरतानाच म्हणालो. "यंत्राला लाल दिसत नाही वाटतं. काळं छाप आणि मोकळी हो."

"न्हाय."

"छापखाना जाईल."

"जाऊंदे."

मग माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. अडाणी तू आहेस, यंत्र नव्हे, असंही म्हणालो. एका रंगापायी धंद्यावर पाणी सोडणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. विरुपाक्ष बरोबर बोलतो, घरी बस.

अक्कानं मशीन थांबवलं. मला वाटलं आता खिळ्यांची पेटी डोक्यात बसणार. पण ती स्टुलावर बसली आणि हातातला कागद नीट घडी करत बोलायला लागली. "ह्ये गेलं तवा मशीन हाणणारा गडी गावाला गेल्ता. मयताची पत्रं कोण छापणार? सासरचे म्हणाले, दुसऱ्या छापखान्यात देऊ. मी म्हणलं, त्यांच्या नावाला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाय. मीच खिळं जुळवलं. मीच पाय मारला. दोनशे पत्रं. दर बारीला त्यांचं नाव काळं होऊन भायेर यायचं. दोनशे बारी बघितलंय मी." तिनं कागद बाजूला ठेवला. "त्याच्या आदी मशीनला हात लावला नव्हता रे मी. त्याच दिवशी शिकले."

मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं त्या बाईचा चहा पीत होतो आणि पायंडा पायंडा म्हणत होतो.

मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस. उद्या काळं छापते. छापखाना त्यांचा हाय, माज्या रुसव्यापायी घालवायचा न्हाय. सकाळी रफीककडं जाऊ, रेघा बारीक करून घिऊ. दाबानं शाई पसरतीया, म्हणून जाड व्हत्यात." ती जिंकली असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रफीकच्या दुकानात. तो आतल्या अंधाऱ्या खोलीत होता. त्याची फिल्म धुवायची खोली ती, तिथं एक लाल दिवा सोडून उजेडाची तिरीपसुद्धा जात नसे. आतूनच ओरडला, "अक्का, अंदर आव, दरवाजा पट्टकन लावा. फिल्म पाण्यात हाय." आम्ही आत शिरलो. अक्का नापास झालेलं लेबल घेऊन आली होती, कुठली रेघ किती फुगली ते दाखवायला. तिनं ते दिव्याखाली धरलं.

"रफीक, ही रेघ बघ..." आणि ती थांबली. लेबल उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. "आता गं बया. ह्ये कोरं झालं की!"

मी बघितलं. खरंच कोरं. लाल उजेडात पांढरा कागदही लाल आणि रेघाही लाल, आणि रेघा अशा विरघळल्या होत्या की जणू कधी छापल्याच नव्हत्या. फिल्म धुऊन झाल्याबरोबर अक्का बाहेर गेली, रेघा दिसल्या. आत आली, गेल्या. रफीक हसायला लागला. मला मात्र चौथं पान आठवलं. त्या यंत्राचा उजेड लाल असतो, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचून सोडून दिलं होतं. अमेरिकेतले लोक वेडे नव्हते, त्यांच्या यंत्राला आमचं लेबल खरंच कोरं दिसत होतं.

"मंजे काळीच लागेल, अक्का," रफीक म्हणाला.

"थांब जरा," अक्का म्हणाली आणि चपला न घालताच छापखान्याकडे गेली. दहा मिनिटांत आली ती एक पांढरं कार्ड घेऊन. छापखान्यातल्या शाईच्या एकूण एक डब्यात बोट बुडवून तिनं त्याच्यावर पट्टे ओढले होते. पुन्हा दार लावलं, लाल दिव्याखाली कार्ड धरलं. पिवळा गेला. केशरी गेला. लाल गेला. दोन पट्टे राहिले, दोन्ही डांबरासारखे काळे, आणि कुठला कुठला ते काही केल्या ओळखता येईना.

"ह्यातला एक काळा," अक्का म्हणाली. "दुसरा कोन हाय?"

दार उघडून उजेडात आलो. एक काळा होता. दुसरा हिरवा.

"काम झालं!" मी ओरडलो. रफीकनं टाळी मारली. अक्का मात्र आपल्या बोटाकडे बघत होती. बोटाला हिरवं लागलं होतं.

मला तेव्हा कुठं कळलं. माझं असंच असतं, डोळ्यांना आधी दिसतं आणि डोक्याला महिन्यांनी कळतं. हिरवी पत्रिका छापायची असली की अक्का शाई लावायला शेजारच्या छापखान्यातल्या गड्याला बोलवायची आणि स्वतः बाजूला खिळे पुसत बसायची. हातातला हिरवा चुडा फोडल्यापासून नऊ वर्षांत तिनं त्या रंगाला हात लावला नव्हता. आज लावला होता तो घाईघाईत, सगळ्या डब्यांबरोबर.

"निळी शाई चालेल का बघू," मी म्हणालो.

"निळीचा डबा वाळून धोंडा झालाय."

"मी मागवतो. पुण्याहून..."

"उद्या शुक्रवार हाय," अक्का म्हणाली. "चल. काळ्यापरीस ह्ये बरं."

त्या दिवशी मी कारखान्यात गेलोच नाही. रफीकनं प्रत्येक रेघ केसभर बारीक ठेवून नवा ठसा दिला, म्हणजे शाई पसरली की ती बरोबर मापाची व्हावी. अक्कानं रॉकेलनं शाईचा रूळ धुतला, कागदामागची दोन अस्तरं काढून दाब कमी केला आणि शाई बोटानं चाखल्यासारखी थोडी थोडी लावत गेली. एक छाप काढायची, भिंग लावायचं, फेकायची. रेघांमधली पांढरी फट भरली, फेक. रेघेची कड फाटली, फेक. मी मोजले नाहीत, पण खाली कागदांचा ढीग झाला. मधेच लेबल घेऊन ती रफीककडे जायची आणि लाल दिव्याखाली रेघा बघून यायची. सूर्य कलायला लागला तेव्हा एक लेबल तिनं भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग माझ्या हातात दिलं. "ह्ये वाचलं न्हाय तर यंत्राला चष्मा लावा म्हणावं."

शुक्रवारी पार्सल गेलं. त्यानंतरचे तीन आठवडे मी मालकांच्या केबिनवरून वाकून जायचो. विरुपाक्ष एकदा येऊन जागेची मापंही घेऊन गेला. अक्का त्या दिवसांत मला शिव्या देईना, त्यावरून मी काय ते ओळखलं.

मग तार आली. दहाच्या दहा लेबलं पहिल्याच झटक्यात वाचली गेली, चाळीस हजार छापा. मी सायकल अशी हाणली की सात रस्त्यावरच्या पोलिसानं शिट्टी मारली. अक्कानं तार माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, मग पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "उबा काय राहिलायस मुडद्या, कागद मोज." मी तेव्हा रडलो, खोटं कशाला बोला. तिनं बघितलं नाही असं दाखवलं.

चाळीस हजार लेबलं म्हणजे पंधरवडाभर हिरवी शाई. पहिले दोन दिवस अक्का संध्याकाळी रॉकेलनं हात चोळचोळून धुवायची. तिसऱ्या दिवसापासून रॉकेलची बाटली फळीवरच राहिली. बोटं हिरवी झाली, तळवे झाले, आणि शाई चढत चढत मनगटापर्यंत गेली.

विरुपाक्ष आला तो असाच एका दुपारी, सुताराला घेऊन. त्यानं लेबलांचे गठ्ठे बघितले, तारेबद्दल ऐकलं आणि सुताराला बाहेरच थांबवलं. काम आहे तोवर चालू दे, असं तोच म्हणाला होता. मग त्याची नजर अक्काच्या हातांवर गेली.

"वैनी," तो हळू आवाजात म्हणाला, "हात तरी धुवून घ्या. मनगटापतोर हिरवं... लोक काय म्हणतील?"

अक्कानं आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले. एवढं मोठं हसू मी तिच्या तोंडावर पहिल्यांदाच पाहिलं.

"भावजी, हिरवा चुडा भरला त्यो माज्या आईबापानं. फोडला त्यो तुमच्या घरच्या बायकांनी. दोनी बारीला मला कुणी इचारलं न्हाय. ह्ये माजं मी लावलंय."

एवढं बोलून तिनं पायट्यावर पाय मारला. पुढं विरुपाक्ष जे काही बोलला असेल ते मशीनच्या खडखडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही.